चिम्पांबातला हवेचा खटला

झाकेयोमामाने सायकल उलटी करता करता "तुम्हाला माहीत आहे का?" असं विचारलं, की गिऱ्हाईक मुकाट्याने शेजारच्या दगडावर बूड टेकायचं. त्या प्रश्नातून सुटका नव्हती. "हो, माहीत आहे" म्हणावं तर मामाचं तोंड एवढंसं होई आणि पंक्चर दुपारपर्यंत लांबे. "नाही" म्हणावं तर फ्रान्सची सगळ्यात लांब हद्द ब्राझीलला लागून आहे, स्वित्झर्लंडमध्ये एकटंच गिनीपिग पाळणं बेकायदा आहे आणि जगातली सगळ्यात छोटी लढाई झांझिबारला पाऊण तासात आटोपली, एवढं सगळं ऐकून घ्यावं लागे. हे ज्ञान मामा रेडिओवरून वेचायचा. रेडिओ टपरीच्या खांबाला जुन्या ट्यूबने आवळून बांधलेला असे, आणि तो चालू असताना कोणी मध्ये बोललेलं मामाला खपत नसे.

एनिफा त्याची भाची. टपरीला लागूनच, मोठ्या रस्त्याच्या कडेला, ती पसरट पत्र्यावर बटाटे तळून विकायची. मामाचं अर्धं ज्ञान ट्रकवाल्यांच्या वाट्याला जाई आणि उरलेलं सगळं तिच्या. तिने लहानपणीच एक युक्ती शिकून घेतली होती. हात बटाट्यांवर ठेवायचा, डोळे मोठे करायचे आणि मामा श्वास घ्यायला थांबला की म्हणायचं, "खरंच, मामा?" तीच गोष्ट चौथ्यांदा ऐकतानाही ती असे डोळे करी की मामा दिवसभर खूश असे. बाप लहानपणीच दुसरीकडे निघून गेलेला, त्यामुळे तिची शाळा, तिचं आजारपण, तिचा बटाटे तळायचा पत्रासुद्धा या मामानेच बघितला होता. एवढं डोळे मोठे करणं तिला जड नव्हतं.

मामाचं सगळ्यात लाडकं ज्ञान मात्र रेडिओवरचं नव्हतं, ते बहिणीच्या अंगणात होतं. दोरिकाच्या, म्हणजे एनिफाच्या आईच्या, घरामागे हद्दीचा पांढरा खांब होता. खांबाच्या अलीकडे मलावी, पलीकडे मोझांबिक. चूल मलावीत आणि कोंबड्यांचं खुराडं मोझांबिकात, त्यामुळे घरात अंडी रोज परदेशातून येत. पाहुणा आला की मामा त्याला खांबापाशी नेऊन एक पाय इकडे, एक पाय तिकडे टाकून उभा राही आणि म्हणे, "इंग्रज आणि पोर्तुगीज टेबलावर बसले, एक रेघ ओढली, आणि माझ्या आजीचं खुराडं दुसऱ्या देशात गेलं. कोंबड्यांना विचारलंसुद्धा नाही." दोरिका त्या खांबावर पिठाची चाळण वाळत घालायची. तिच्या लेखी खांबाचा तेवढाच उपयोग होता.

त्याच खांबापलीकडून जुवेन्सियो यायचा. तो गवंडी होता, विटा रचताना कमी बोलायचा आणि बटाटे खाताना त्याहून कमी. दीड वर्ष तो रोज एकाच जागी उभा राहून बटाटे खात होता आणि तेही इतके सावकाश, की शेवटी एनिफानेच विचारलं, "तुला बटाटे आवडतात की उभं राहायला आवडतं?" त्यावर तो लाजला, घरी गेला आणि दुसऱ्या दिवशी त्याने आपल्या मामाला बोलणी करायला पाठवतो असा निरोप धाडला.

आमच्याकडे लग्न आईबाप ठरवत नाहीत, मामा ठरवतात. मुलाचा मामा आणि मुलीचा मामा समोरासमोर बसतात, एक कोंबडा देतो, दुसरा कोंबडी देतो, आणि पुढे जन्मभर नवराबायकोचं भांडण झालं की निस्तरायला त्या दोघांनाच बोलावतात. लग्न झालं की नवरा बायकोच्या गावी राहायला येतो. जुवेन्सियोला त्यासाठी फक्त अंगण ओलांडायचं होतं, पण मामा सगळ्यांना सांगत सुटला होता की जावई परदेशातून येणार आहे.

बोलणीचा दिवस ठरला आणि नेमक्या त्याच सकाळी रेडिओने घात केला.

ते दोन हजार अकरा साल होतं. नव्या कायद्याचा मसुदा सरकारपुढे आला होता आणि त्यात कुठेतरी लिहिलं होतं, की जो कोणी लोकांना त्रास होईल अशी हवा बिघडवेल तो गुन्हेगार. मूळ वाक्य इंग्रजांच्या वेळचं, जुनंपानं. पण एक मंत्री रेडिओवर म्हणाले की यात चारचौघांत वारा सोडणंही येतं. झालं, देशभर दुसरा विषय उरला नाही. मामा टपरी उघडीच टाकून बहिणीच्या घरी धावला. अंगावर बोलणीसाठी काढून ठेवलेला कोट आणि हाताला वंगण.

"दोरिका, तुला माहीत आहे का? आता पादणं हा गुन्हा होणार."

"कोट सांभाळ," दोरिका म्हणाली. "आणि पाहुण्यांसमोर तोंड सांभाळ. आज तू फक्त कोंबडीबद्दल बोलायचंस."

एनिफा आत बसून जेवत होती. आईच्या मते बोलणीच्या दिवशी मुलगी उपाशी दिसली तर घरात दाणा नाही असा अर्थ निघतो. म्हणून सकाळीसकाळीच मक्याची उकड, त्यावर घेवडा, वर पुन्हा घेवडा, आणि शेवटी उकडलेली रताळी. एनिफा नको नको म्हणत होती. आई "अजून एक" म्हणत होती. पुढे जे झालं त्यात खरा दोष कोणाचा असेल तर त्या घेवड्याचा होता.

पाहुणे आले. जुवेन्सियोचा मामा मालाकियास हा उंच, वाळका, डोक्याला काळी टोपी आणि खिशात तपकिरीची डबी असलेला माणूस होता. चर्चची घंटा वाजवायचं काम त्याच्याकडे होतं आणि तो चालायचाही घंटेच्या ठोक्यावर चालल्यासारखा. सावली झाडाखाली, म्हणजे मोझांबिकात, त्यामुळे पाहुण्यांची आसनं तिकडे मांडली. घरचे लोक ओसरीच्या बाजूने, मलावीत. मधे खांब. खांबावरची चाळण दोरिकाने त्या दिवसापुरती काढली होती.

बोलणी छान चालली. मामाने तोंड सांभाळलं. एकदाच "तुम्हाला माहीत आहे का" इतकं बाहेर पडलं, पण दोरिका खोकली आणि त्याने पुढचं गिळलं. मग रिवाजाप्रमाणे एनिफाला बाहेर बोलावलं. ती नवं लुगडं कमरेला गुंडाळून आली, खांबाशेजारी चटईवर गुडघे टेकले, मान खाली घातली. मामाने घसा साफ केला आणि विचारायचा तो प्रश्न विचारला.

"एनिफा, हे लोक आपल्या अंगणात आलेत. म्हणतात, तुझ्यासाठी आलोत. तू यांना ओळखतेस का?"

इथे मुलीने लगेच बोलायचं नसतं. जरा थांबायचं असतं. उतावळी दिसू नये म्हणून. सगळे शांत झाले. कोंबडीसुद्धा गप्प होती. एनिफाने पोट आत घेतलं, श्वास धरला, मनात चार आकडे मोजले, आणि "ओळखते" म्हणायला श्वास सोडला.

श्वासाच्या आधी दुसरंच काहीतरी सुटलं.

आवाज मोठा नव्हता, पण त्याच्याबद्दल कोणाचा गैरसमज होण्यासारखाही नव्हता. एनिफाच्या कानात एकदम ऊन तापलं. आता जमीन दुभंगावी, मलावीची दुभंगो नाहीतर मोझांबिकची, असं तिला मनापासून वाटलं. सासरच्यांसमोर साधं मोठ्याने हसत नाहीत आमच्याकडे. पण कोणीच तिच्याकडे पाहिलं नाही. गुडघे टेकून मान खाली घातलेली नवरीमुलगी असं काही करू शकते, हे कोणाच्या डोक्यात येणंच शक्य नव्हतं. सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि मग, का कोण जाणे, म्हाताऱ्या मालाकियासकडे.

तेवढ्यावर निभावलं असतं. कोणी तरी खोकलं असतं, कोणी तरी कोंबडीला हुसकलं असतं आणि विषय झाकला गेला असता. पण झाकेयोमामा सकाळपासून भरलेला होता.

"तुम्हाला माहीत आहे का," तो उभा राहून म्हणाला, "की आजपासून या देशात हा गुन्हा आहे?"

"कोणता?" मालाकियासने थंडपणे विचारलं.

"तुम्ही आत्ता केलात तो. हवा बिघडवली तुम्ही. आवाज आला, वास पार माझ्या नाकापर्यंत आला. दंड एक बोकड तरी होईल."

मालाकियास हळूहळू उभा राहिला. टोपी नीट केली. "मी साठ वर्षांचा झालो," तो म्हणाला. "प्रभूच्या घरात घंटा वाजवतो. मुलीच्या दारात बसून माझ्यावर हा आळ? आणि सायकलवाल्या, मी बसलोय मोझांबिकात. तुझा कायदा खांबापाशी संपतो." त्याने आपला कोंबडा काखेत मारला आणि घंटेच्या ठोक्यावर चालत निघून गेला. जुवेन्सियो एकदा एनिफाकडे, एकदा आपल्या मामाच्या पाठीकडे बघत उभा राहिला आणि मग त्याच्या मागे गेला. त्याला जावंच लागलं.

एनिफा चटईवर तशीच होती. उत्तर तिच्या तोंडातच राहिलं होतं.

पुढचे दिवस वाईट गेले. झाकेयोमामाने गावप्रमुखाकडे तक्रार नेली, मालाकियासने खोट्या आळाची उलट तक्रार नेली. एक बोकड मागत होता, दुसरा दोन. रस्त्यावरचे ट्रकवाले बटाटे घ्यायला थांबले की हसायला लागत. आणि एनिफाला रोज वाटे, आज सांगावं. मग मामाचा उत्साहाने फुललेला चेहरा दिसे. आयुष्यात पहिल्यांदा त्याचं ज्ञान कशाच्या तरी कामाला आलं होतं.

एका संध्याकाळी जुवेन्सियो आला. बटाटे घेतले, पण खाल्ले नाहीत.

"मामा ऐकत नाहीत," तो म्हणाला. "म्हणतात, त्या घरात पाऊल टाकलंस तर मी तुझा मामा नाही. आणि मामाशिवाय लग्न कसं होणार?"

"माझा मामाही ऐकत नाही."

"एनिफा, माझ्या मामांनी ते केलं नाही. मी शेजारीच बसलो होतो. तुझा विश्वास आहे ना?"

"आहे," ती म्हणाली. याहून खरं ती जन्मात काही बोलली नव्हती.

"मग केलं कोणी? ज्याने केलं तो गप्प बसून मजा बघतोय. दोन घरं मोडली तरी त्याला काही नाही. हलकट माणूस असणार."

एनिफाने बटाटे उलटले. ते आधीच दोन्ही बाजूंनी तांबूस झाले होते. "सापडला तर काय करशील त्याला?"

"त्याच्या दारासमोर भिंत बांधेन," गवंडी म्हणाला. "आतून बाहेर यायला नको." आणि बटाटे हातात तसेच घेऊन तो खांबापलीकडे गेला. एनिफा त्या रात्री जेवली नाही. आईने घेवडा वाढला होता.

चिम्पांबा हे गावाचं नाव आणि गावप्रमुखाचंही. जो त्या जागेवर बसतो तो चिम्पांबा. त्या वेळी ते नाव एका जाड, आवाजाने भारी, विधवा बाईकडे होतं. तिला सगळे मोठ्या बाई म्हणत. खांबापलीकडची माणसंही भांडण घेऊन तिच्याकडेच येत, कारण ती त्यांचीही थोरली होती, आणि रेघ ओढणाऱ्यांनी भांडणं वाटून दिली नव्हती. तिने दोन्ही तक्रारी ऐकल्या आणि सांगितलं, खटला जागेवरच होईल. दोरिकाच्या अंगणात.

त्या दिवशी अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. अर्धी माणसं मलावीत, अर्धी मोझांबिकात, पोरं खुराड्यावर. मोठ्या बाई ओसरीवर बसल्या आणि म्हणाल्या, "त्या दिवशी जो जिथे बसला होता, त्याने तिथे बसावं."

सगळे आपापल्या जागी बसले. मालाकियास झाडाखाली, शेजारी जुवेन्सियो. झाकेयोमामा ओसरीच्या बाजूला, कोट घालून.

"नवरी कुठे होती?"

"खांबापाशी," दोरिका म्हणाली. "गुडघे टेकून."

"मग टेक गुडघे, बाळ."

एनिफाने पुन्हा तेच लुगडं गुंडाळलं होतं. ती तिथे जाऊन तशीच बसली. तोंड पाहुण्यांकडे, पाठ मामाकडे.

"आता झाकेयो, तू बोल. काय झालं?"

मामाने याची तयारी केली होती. त्याने कायदा सांगितला, इंग्रजांचा काळ सांगितला, मंत्री काय म्हणाले ते सांगितलं, आणि मधेच झांझिबारच्या लढाईवरही गेला असता, पण मोठ्या बाईंनी हात वर केला. "रेडिओ मीही ऐकते. या कायद्याला काय लागतं? आवाज की वास?"

"वास, मोठ्या बाई. हवा बिघडली पाहिजे."

"आणि तो तुला आला?"

"पार नाकापर्यंत."

"मालाकियास, तू काय म्हणतोस?"

"मी म्हणतो, मी पादलो नाही. आणि पादलो असतो तरी मी परदेशात बसलो होतो. आमच्या सरकारने अजून या गोष्टीत लक्ष घातलेलं नाही."

गर्दी हसली. मोठ्या बाई हसल्या नाहीत. त्यांनी दोरिकाला पीठ आणायला सांगितलं. दोरिकाने कुरकुरत वाटीभर पीठ आणलं. बाईंनी मूठ भरली आणि वर उडवली. पीठ जरा तरंगलं आणि सरळ खांबावरून झाडाकडे गेलं. मालाकियासची काळी टोपी पांढरी झाली.

"या दिवसांत वारा मोठ्या रस्त्याकडूनच येतो," बाई म्हणाल्या. "त्या दिवशीही तोच होता, कारण रस्त्याकडच्या माझ्या अंगणात तुमच्याकडचा धूर आला नव्हता. म्हणजे वारा झाकेयोकडून मालाकियासकडे. मग मालाकियासचा वास उलटा चालत झाकेयोच्या नाकापर्यंत कसा आला?"

मामाने नकळत स्वतःच्या नाकाला हात लावला.

"नाकापर्यंत आला, वाऱ्याविरुद्ध आला," बाई सावकाश म्हणाल्या, "तर एकच माणूस उरतो. ज्याचं नाक सगळ्यात जवळ होतं, त्याचंच बाकीचंही सगळ्यात जवळ होतं."

हे अंगणाला समजायला क्षणभर लागलं. मग झाडाखालून जो गलका उठला तो रस्त्यापर्यंत गेला असेल. "सायकलवाला!" कोणीतरी ओरडलं. "स्वतः करून दुसऱ्यावर ढकललं." झाकेयोमामा उभा राहिला, बसला, पुन्हा उभा राहिला. "मी नाही," तो म्हणाला. "मोठ्या बाई, मी नाही. आईची शपथ, मी नाही." आणि कोणालाच ते खरं वाटलं नाही, कारण खोटं बोलणारा माणूसही अगदी असंच बोलतो.

एनिफाला मागे वळून बघायची गरज नव्हती. मामाचा आवाज पुरे होता. शाळेची फी भरताना, तिच्या तापात रात्रभर ओला फडका बदलताना, कधीही तो आवाज इतका लहान झाला नव्हता. ज्या मध्यस्थाने आपली घाण पाहुण्यावर ढकलली, त्याला पुन्हा कोणी कुठल्या बोलणीत बसवणार नव्हतं. टपरीच्या दगडावरही कोणी बसलं नसतं. समोर जुवेन्सियो तिच्याकडे बघत होता. दारासमोर भिंत बांधणारा माणूस. तिला वाटलं, बांधू दे.

"मोठ्या बाई," ती म्हणाली. "ती मी होते."

"काय, बाळ?"

"पादले ती मी. मामाने विचारलं, मी थांबले, आणि मग ते झालं. सकाळी आईने घेवडा वाढला होता. दोनदा."

खुराड्यावरची पोरं नीट दिसावं म्हणून उभी राहिली. दोरिकाने कपाळावर हात मारला आणि तो तिथेच ठेवला. एनिफा रडत नव्हती, पण तिचे कान जळत होते. ती जुवेन्सियोकडे बघत राहिली, कारण आता दुसरीकडे बघण्यात काही अर्थ नव्हता. त्याचं तोंड उघडं होतं. मग त्याचे खांदे हलायला लागले. त्याने तोंडावर हात दाबला, डोळ्यांत पाणी आलं, आणि दीड वर्षात कमी बोललेला तो गवंडी मोझांबिकात बसून इतका हसला, की मालाकियासने त्याला कोपराने ढोसलं.

आणि झाकेयोमामा धावत खांबापाशी आला.

"मोठ्या बाई, हा कायदा अजून झालेलाच नाही," तो धापा टाकत म्हणाला. "नुसता मसुदा आहे. मसुद्यावर कोणाला धरता येत नाही. कोणालाही विचारा."

"हे तुला त्या दिवशी माहीत नव्हतं?"

"माहीत होतं."

"आणि वास?"

मामाने मान खाली घातली. "वास आला नव्हता. नुसता आवाज आला. पण कायद्याला वास लागतो, म्हणून म्हटलं."

"मालाकियास, तुला आला वास? वारा तुझ्याकडे होता."

मालाकियासने तपकिरीची डबी काढून दाखवली. "या बयेने माझं नाक कधीच खाल्लं, मोठ्या बाई. घरात भात करपला तरी मला बायकोच्या ओरडण्यावरून कळतं."

"म्हणजे वास कोणालाच आला नाही, आणि दोन देश गोळा झालेत," बाई म्हणाल्या. "कायद्याचं संपलं. रिवाजाचं राहिलं. सासरच्यांसमोर असा आवाज झाला तर कोंबडी द्यावी लागते, आणि ते उठून गेले तर लग्न मोडतं. मालाकियास, हक्क तुझा आहे."

मालाकियासने टोपी काढली, पीठ झटकलं, पुन्हा घातली. घाईने तो काही करायचाच नाही. एनिफाला त्या टोपीकडे बघवेना.

"तिला विचारलं होतं, या लोकांना ओळखतेस का," तो म्हणाला. "तिने उत्तर दिलं होतं का?"

"नाही," दोरिका म्हणाली.

"मग आम्ही त्या वेळी तिचे कोणीच नव्हतो. नुसते अनोळखी लोक, झाडाखाली बसलेले. अनोळखी लोकांसमोर काय कुणाचं काहीही होतं. त्याचा दंड नसतो." त्याने डबी खिशात टाकली. "माझ्यावर आळ आला तेव्हा माझ्या बाजूचं एकही माणूस उभं राहिलं नाही, मोठ्या बाई. हा माझा भाचासुद्धा नुसता मागून चालत आला. आणि ही पोरगी दोन देशांसमोर स्वतःचं नाव घेऊन मामासाठी उभी राहिली. असं माणूस मला माझ्या नात्यात हवं आहे. प्रश्न तसाच राहिलाय. झाकेयो, विचार की."

झाकेयोमामाला घसा साफ करायला या वेळी फार वेळ लागला. "एनिफा," तो म्हणाला. "हे लोक आपल्या अंगणात आलेत. तू यांना ओळखतेस का?"

या वेळी ती थांबली नाही. "ओळखते," ती म्हणाली. कोंबडा या बाजूला आला, कोंबडी त्या बाजूला गेली, आणि दोरिका म्हणाली, "माझं पीठ गेलं तेवढंच."

आळ घेतल्याबद्दल मामाला शिक्षा झालीच. बोकड मालाकियासने सोडला. त्याऐवजी मोठ्या बाईंनी ठरवलं, की लग्न होईपर्यंत झाकेयोने कोणालाही "तुम्हाला माहीत आहे का" असं विचारायचं नाही आणि रेडिओवरचं काही सांगायचं नाही. बोकड परवडला असता, असं मामा नंतर कित्येक दिवस म्हणत होता. टपरीवर पंक्चरं आता पटापट निघायला लागली आणि गिऱ्हाइकांना चुकल्यासारखं वाटायला लागलं.

लग्नाला चारपाच दिवस उरले असताना एका सकाळी एनिफा बटाटे चिरत होती. राजधानी लिलोंग्वेकडून आलेला एक ट्रकवाला थांबला आणि हसत म्हणाला, "ऐकलंत का, त्या मंत्र्यांनी शब्द मागे घेतला. त्या कायद्यात तसलं काही नाहीच म्हणे. पहिल्यापासून नव्हतं." त्याने बटाटे घेतले आणि तो गेला.

थोड्या वेळाने टपरीतला रेडिओ एकदम बंद झाला. झाकेयोमामा बाहेर आला. हातात पान्हा, डोळे चमकत होते, ओठ हलत होते. तो एनिफापाशी आला, तोंड उघडलं, आणि बंद केलं. पान्हा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. पुन्हा तोंड उघडलं. आयुष्यातली सगळ्यात मोठी बातमी त्याच्या जिभेवर बसली होती आणि जिभेला मोठ्या बाईंनी कुलूप लावलं होतं. जगाला काही सांगायचं म्हणून तो तडफडत नव्हता, हे एनिफाला दिसलं. त्याला फक्त तिला एवढंच सांगायचं होतं, की पोरी, तू गुन्हेगार कधीच नव्हतीस.

एनिफाने सुरी खाली ठेवली. "मामा," ती म्हणाली, "आज मीच विचारते. त्या कायद्याचं पुढे काय झालं, तुम्हाला माहीत आहे का? मला काहीच माहीत नाही."

मामाने रस्त्याकडे बघितलं, गावाकडे बघितलं, मग तिच्या कानाशी वाकला आणि हळूच सगळं सांगितलं.

एनिफाने डोळे मोठे केले. "खरंच, मामा?" ती म्हणाली.